शाळेंतील वादसभेचें पुनरुज्जीवन

जुन्या शाळांच्या इतिवृत्तांत एका संस्थेचा उल्लेख हटकून सांपडतो. ती म्हणजे विद्यार्थ्यांची वादविवादसभा. मात्र हा उल्लेख बहुधा भूतकाळांतला असतो. उत्साही शिक्षक निवृत्त होतात, परीक्षांचें ओझें वाढतें, आणि दर शनिवारची सभा प्रथम महिन्यावर, मग सहामाहीवर व शेवटीं स्नेहसंमेलनांतील वक्तृत्वस्पर्धेवर येऊन ठेपते. त्या स्पर्धेंत चारदोन हुशार मुलें वडीलधाऱ्यांनीं लिहून दिलेलें भाषण घडाघडा म्हणतात आणि पेला घेऊन घरीं जातात. वक्तृत्व एकट्यालाही साधतें. वादाला दुसरा माणूस लागतो. सभा बंद पडते तेव्हां हा दुसरा माणूसच नाहींसा होतो.

त्याची किंमत केवढी, हें मुंबईच्या इतिहासांत दिसतें. एल्फिन्स्टन संस्थेंतील तरुणांनीं १८४८ सालीं साहित्य व शास्त्र यांच्या चर्चेसाठीं आपली सभा स्थापन केली. दादाभाई नौरोजी तींत अग्रभागीं होते. तेथें निबंध वाचले जात व त्यांवर खल होई. परंतु हे तरुण बोलून थांबले नाहींत. दुसऱ्याच वर्षीं त्यांनीं मुलींसाठीं मराठी व गुजराती शाळा काढल्या आणि सभासदांनीं तेथें विनावेतन शिकविलें. मुलीच्या हातीं पाटी देणें पुष्कळांस रुचत नव्हतें, तो हा काळ. विरोधकाचें म्हणणें ऐकून त्यास उत्तर देण्याची संवय ज्यांना सभेंत लागली होती, त्यांनाच तें धैर्य झालें.

आतां या जुन्या वृक्षास नवी शाखा फुटली आहे. ती म्हणजे संयुक्त राष्ट्रसंघाच्या धर्तीवरील विद्यार्थीसभा. राष्ट्रसंघाचे सभासद आज १९३ आहेत. आमसभेंत मालदीवला एक मत आणि चीनलाही एकच. सुरक्षा समितींत मात्र १५ सभासद, आणि त्यांपैकीं पांच कायम सभासदांस नकाराधिकार. समता आणि सत्ता यांतील हा पेंच पुस्तकापेक्षां प्रत्यक्ष ठराव मांडतांना अधिक लवकर उमजतो.

तेथें एका शब्दाचें मोलही कळतें. मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याच्या इंग्रजी मसुद्यांत ‘पुरुष’ असाही अर्थ निघणारा शब्द होता. भारताच्या प्रतिनिधि हंसा मेहता यांनीं आग्रह धरला, आणि त्या जागीं ‘सर्व मानव’ असा अर्थ देणारे शब्द आले. १० डिसेंबर १९४८ रोजीं पॅरिस येथें जाहीरनामा ४८ मतांनीं संमत झाला. ८ राष्ट्रें तटस्थ राहिलीं, विरुद्ध कोणी नव्हतें. दुरुस्तीची सूचना म्हणजे केवळ शब्दच्छल नव्हे, हें पटविण्यास याहून चांगला धडा कोणता?

बंद पडलेली सभा पुन्हां उभी करण्यास मोठा खर्च लागत नाहीं. एक वर्ग, एक घड्याळ आणि मागच्या बांकावर गप्प बसणारा एक शिक्षक, एवढें पुरे. बाजू चिठ्ठ्या टाकून ठरवावी. प्रत्येक वक्त्यानें प्रथम प्रतिपक्षाचें म्हणणें त्यास मान्य होईल अशा शब्दांत सांगावें, मगच खंडन करावें. अध्यक्ष व चिटणीस दर वेळीं नवे असावे, म्हणजे लाजाळू मुलांसही काम मिळेल. शाळेच्या आवारांतील प्रश्नावर ठराव झाला तर त्याची अंमलबजावणीही मुलांकडेच सोंपवावी.

येथें श्रोत्यांपैकीं एखाद्या पालकाचा आक्षेप येईल. गंगेच्या पाणीवाटपाचा १९९६ चा करार चर्चेस घेतला आणि चिरंजीवांच्या वांट्यास बांगलादेशची बाजू आली, तर मुलानें स्वदेशाविरुद्ध बोलावें काय? आक्षेप हलका नाहीं. परंतु नदीच्या खालच्या तीरावरील शेतकऱ्यास उन्हाळ्यांत काय वाटतें, हें ज्यानें एकदां स्वतःच्या तोंडानें मांडलें, तोच उद्यां आपल्या देशाची बाजू अधिक समर्थपणें मांडील. कारण समोरून येणारें उत्तर त्यास आधींच ठाऊक असेल. स्वदेशप्रीति अशा परीक्षेनें उणी होत नाहीं.

ज्या घरांत जेवतांना वडील मुलाचें वेगळें मत शेवटपर्यंत ऐकून घेतात, तेथें या सभेची पहिली बैठक आधींच भरलेली असते. शाळेनें फक्त दार उघडून दिवा लावावयाचा आहे.