संक्रांतीचे लाडू आणि घरची म्हातारी माणसे



मार्गशीर्ष सरत आला की लातूरकडच्या शिवारात येळवस होते. वेळ अमावस्या हे तिचे पुस्तकी नाव. शेजारच्या कानडी मुलखात हिलाच एळ्ळ अमावास्या म्हणतात, आणि कानडीत एळ्ळू म्हणजे तीळ. शेतात कडब्याची कोप उभी राहते, भज्जी, आंबील, उंडे, गव्हाची खीर असा बेत असतो. त्याच सुमारास नांदेड जिल्ह्यात लोहा तालुक्यात माळेगावच्या खंडोबाची यात्रा भरते, आणि तिकडून येणारा माणूस रेवड्यांचा पुडा घेतल्यावाचून घरी येत नाही. मग थोड्याच दिवसांत संक्रांत. तेव्हा तीळ आणि गूळ यांच्याविषयी बोलायला हाच काळ योग्य. परंतु मला आज नुसते तीळ-गुळाविषयी बोलायचे नाही. ते कोणाबरोबर बसून करायचे, याविषयी बोलायचे आहे.

मुखेड, कंधार, अहमदपूर, जळकोट या बाजूची परिस्थिती आपणांस ठाऊकच आहे. दसरा-दिवाळी झाली की ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. तरणी माणसे जोडीजोडीने कारखान्याच्या फडावर जातात आणि परततात ती पाडव्याच्या आगेमागे. संक्रांत नेमकी मधेच येते. अशा घरी त्या दिवशी कोण असते? म्हातारी माणसे आणि शाळेतली लेकरे. उसाचा गोडवा ज्यांच्या कोयत्याने निघतो, त्यांच्या घरचा सण दोन टोकांच्या वयांवर सोपवलेला असतो. ज्यांची मुले पुण्याला किंवा हैदराबादेला नोकरीवर आहेत, त्या घरांतही चित्र फार वेगळे नाही. तिथे मुले सुट्टीत येतात आणि येताना दुकानातला खोका घेऊन येतात, एवढाच फरक.

आणि जिथे सर्वजण घरी आहेत, तिथे काय होते? सून म्हणते, "मामी, तुम्ही बसा, मी करते." यात माया असते, हे खरे. पण जिने चाळीस-पन्नास वर्षे घरादाराला खाऊ घातले, तिला एके दिवशी 'बसा' म्हणायचे म्हणजे तिचा हुद्दा काढून घेण्यासारखेच आहे. मास्तर निवृत्त झाला तर त्याला निदान हार-नारळ मिळतो! हिला कोणी सांगतसुद्धा नाही. पुढे ती जेवण कमी करते, बोलणे कमी करते, आणि आपण म्हणतो की वय झाले.

तेव्हा यंदा एक करून पाहा. लाडू आजीसाठी करू नका, आजीबरोबर करा.

प्रथम सर्वांत सोपा लाडू घेऊ. भाजलेल्या शेंगदाण्यांचा कूट दोन वाट्या आणि चिरलेला गूळ एक वाटी. पाक नाही, चूल पुन्हा पेटवणे नाही. दोन्ही एकत्र करून खलबत्त्यात किंवा मिक्सरवर जरा फिरवले की दाण्यांचे तेल सुटते आणि त्या तेलावरच लाडू वळला जातो. आता यात कामे पाहा किती निघतात. शेंगा फोडणे, दाणे निवडणे, भाजलेल्या दाण्यांची टरफले तळहातावर चोळून सुपात पाखडणे. पाखडणे हे काम आजच्या मुलींना येत नाही, मुलांना तर नाहीच. सूप कसे धरायचे, वारा कोणत्या बाजूने घ्यायचा, हे पुस्तकात वाचून येत नाही. ते आजीच्या मनगटाकडे पाहूनच शिकावे लागते.

ज्यांची बोटे सांधेदुखीने आखडली आहेत त्यांना हा लाडू वळणे जमते, कारण तो गार असतो. ज्यांना दात नाहीत त्यांनाही तो चालतो, मात्र कूट बारीक असावा. चिक्की किंवा कडक रेवडी म्हाताऱ्या माणसाच्या हाती देऊ नये. दात तर जातातच, पण घास अडकण्याची भीती असते. त्यापेक्षा पोळीचा मलिदा बरा. पोळी कुस्करावी, गूळ-तूप घालावे, हाताने मळून मुटके वळावेत. पाच वर्षांचे लेकरू आणि ऐंशी वर्षांचा आजा एकाच परातीत हात घालू शकतात, असा हा पदार्थ आहे.

तिळाच्या लाडवाला पाक लागतो, आणि तिथे जरा सांभाळून. तीळ मंद आचेवर तडतडू लागेपर्यंत भाजावेत. एक वाटी तिळाला पाऊण वाटी गूळ, चमचाभर तूप आणि चमचाभर पाणी. गूळ विरघळून फेस आला की पाकाचा थेंब गार पाण्यात टाकून बघायचा. तो विरून गेला तर पाक कच्चा, बोटांत मऊ गोळी झाली तर लाडवाचा, आणि ताटलीवर टाकल्यावर टण्ण वाजला तर तो चिक्कीचा. ही परीक्षा आजीकडे द्यावी. तिची नजर मंद झाली असली तरी नाक शाबूत असते. गूळ करपायच्या आधी तिलाच कळते. मात्र कढई उतरवणे आणि उकळता पाक ओतणे हे काम तरण्या हातांचे. ज्यांचा हात कापतो त्यांनी पाकाजवळ बसू नये, लेकरांनी तर मुळीच नाही. गरम पाक कातडीला चिकटून बसतो आणि पाण्यापेक्षा वाईट भाजतो. मिश्रण मधेच घट्ट झाले तर पुन्हा मंद आचेवर क्षणभर धरावे, म्हणजे लाडू वळता येतात.

एक गैरसमज इथेच काढून टाकू. मधुमेह असलेल्या माणसाला साखर वर्ज्य पण गूळ चालतो, असे अनेकजण समजतात. तसे नाही. गुळानेही रक्तातली साखर वाढतेच. म्हणून त्यांना डॉक्टर सांगतील तेवढेच, सुपारीएवढा लाडू द्यावा. पण लाडू वळायला आणि वाटायला त्यांना कोणी मनाई केलेली नाही.

काही घरांत विसरभोळी झालेली माणसे असतात. नातवाचे नाव आठवत नाही, सकाळी जेवलो की नाही ते आठवत नाही. अशांना लाडवाची कृती विचारू नका, सांगता येणार नाही. हातात पीठ किंवा कूट द्या. हातांनी वर्षानुवर्षे केलेल्या कामाची आठवण इतर आठवणींपेक्षा पुष्कळ काळ टिकते, हे वैद्यकशास्त्रही मानते. लाडू वाकडा झाला तर होऊ द्या. त्यांच्यादेखत तो मोडून पुन्हा वळू नका.

आणखी एक गोष्ट बोललीच पाहिजे. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला विधवा आजीला आतल्या खोलीत बसवतात. तिळगूळ तिच्या हातचा, वाण मात्र दुसऱ्यांना! २०२२ साली कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामपंचायतीने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, आणि शासनाने इतर ग्रामपंचायतींना त्याचे अनुकरण करण्यास सांगितले. ठराव होईल तेव्हा होईल. तिळगुळाचे ताट तिच्या हाती देऊन तिला ओटीवर बसवायला ठराव कशाला हवा?

आता गुरुजी आणि बाई, दोन शब्द आपल्यासाठी. २०२३ पासून आपल्या राज्यात शाळांतून आजी-आजोबा दिवस साजरा करण्यास सांगितले आहे. पुष्कळ ठिकाणी त्या दिवशी म्हाताऱ्यांना खुर्चीवर बसवतात, फूल देतात, दोन भाषणे ऐकवतात. त्याऐवजी संक्रांतीच्या आठवड्यात एक दुपार पाच-सात आज्या आणि दोन-तीन आजोबांना बोलवा. आजोबांना वगळू नका. गूळ फोडणे, चाखून तो नवा की जुना ते सांगणे, हे त्यांचे क्षेत्र. पाक शाळेत नको, शेंगदाण्याचाच लाडू करा. हात धुवून घ्या, मुलांचे चारपाचांचे गट करा, प्रत्येक गटात एक वडील माणूस. कूट वाटीने मोजला की गणित आले, तिळाचे कानडी नाव निघाले की भाषा आली. आणि ज्या मुलांचे आईबाप फडावर आहेत, त्यांच्या घरचे वडीलधारे माणूस आधी बोलवा.

लाडू पूर्ण गार झाल्यावर कोरड्या पत्र्याच्या डब्यात भरावेत. ओला हात लागू दिला नाही तर आठ-दहा दिवस सहज टिकतात. मुकादमाचा माणूस किंवा एखादी गाडी गावातून कारखान्याकडे जातच असते. तिच्यासोबत एक डबा द्यावा. झाकणावर कागद चिकटवून लेकराच्या हातून आईबापांची नावे लिहून घ्यावीत, आणि खाली कोणी वळले त्यांचीही.