पाचव्या क्रमांकाची जगज्जेती



ज्युदोच्या वर्गात पहिल्या दिवशी कुणाला फेकायला शिकवत नाहीत. आधी पडायला शिकवतात. हनुवटी छातीशी घ्यायची, पाठ गोल करायची आणि अंग टेकताना हात सपकन गादीवर आपटायचा. मार हात झेलतो, डोकं वाचतं. जपानीत याला ‘उकेमी’ म्हणतात. आज जिच्याविषयी बोलायला उभा आहे, त्या इटलीच्या ज्युदोपटू ओदेत जुफ्रिदाची कारकीर्द मला या पहिल्याच धड्याचा विस्तार वाटते.

ओदेत मूळची रोमची, जन्म १९९४चा, वजनगट ५२ किलो. वयाच्या एकविसाव्या वर्षी, २०१६च्या रिओ ऑलिंपिकमध्ये तिने थेट अंतिम फेरी गाठली. तिथे मायलिंदा केलमेंडीने तिला हरवलं आणि कोसोवोला त्याचं पहिलंवहिलं ऑलिंपिक पदक मिळवून दिलं. त्याच दिवशी ओदेतचा सहकारी फाबिओ बाझिले ६६ किलो गटात जिंकला. उन्हाळी ऑलिंपिकमधलं इटलीचं ते २००वं सुवर्ण. साहजिकच फाबिओचा बोलबाला झाला, पुढे तो रिअॅलिटी शोमध्येही झळकला. ओदेत रुपेरी पदक घेऊन सरावाला परतली.

२०२१ साली टोकियो ऑलिंपिकमध्ये, निप्पॉन बुडोकानमध्ये तिने कांस्य मिळवलं. १९६४ साली ज्युदोनं ऑलिंपिकमध्ये पहिलं पाऊल टाकलं, ते याच वास्तूत. रुपं झालं, कांस्य झालं. सोनं राहिलं होतं. मे २०२४मध्ये अबू धाबीत ती जगज्जेती झाली आणि दोन महिन्यांनी पॅरिस ऑलिंपिकला गेली.

२८ जुलै. कांस्यपदकाची लढत. समोर ब्राझीलची लारिसा पिमेंता, ओदेतची जिवलग मैत्रीण, सरावातली सोबतीण. ज्युदोत तीन ताकिदी झाल्या की लढत संपते. वाढीव वेळेत ओदेतला तिसरी ताकीद मिळाली. डाव नाही, फेक नाही. पंचांचा हात वर गेला आणि पदक हातचं गेलं. ज्युदोत कांस्यपदकं दोन असतात, म्हणून ती लढत हरणारा चौथा नव्हे, पाचवा ठरतो. जगज्जेती पाचवी आली.

पण गादीवर कोसळली ती जिंकलेली लारिसा. गुडघे टेकून ती हमसून हमसून रडत होती, उठेचना. तेव्हा ओदेत तिच्याजवळ गेली, वाकली, तिला कवेत घेतलं, काहीतरी बोलली आणि उठवून उभं केलं. हे दृश्य जगभर पाहिलं गेलं. ज्यांना ज्युदोतलं ओ की ठो कळत नाही, त्यांनाही ओदेत जुफ्रिदा ठाऊक झाली ती या दृश्यामुळे.

श्रोतेहो, उकेमीत माणूस स्वतःचं पडणं सावरतो. वर्षानुवर्षं हजारो वेळा पडून ते अंगात मुरतं. ओदेतच्या ते इतकं मुरलं होतं, की स्वतःचं पदक निसटल्याच्या क्षणीही तिचे हात मोकळे होते, दुसऱ्याला उचलायला. तिच्या नावापुढे पदकं जरूर लिहावीत. पण त्यांच्या शेजारी तो पाचवा क्रमांकही तितक्याच मानाने लिहावा, असं मला मनापासून वाटतं.