शहराची जमीन आणि मध्यमवर्गीयाचे घर
(महोत्सवानिमित्त झालेल्या भाषणाचा मजकूर)



सणाच्या दिवशी अडचणींचा पाढा वाचू नये म्हणतात. तरी आज आम्ही घराचा विषय घेतला आहे. कारण न्यासाकडे येणाऱ्या मंडळींशी बोलताना एक वाक्य वारंवार कानी पडते : ‘बिऱ्हाड हलवावे लागणार.’ शिक्षक, कारकून, लहान दुकानदार यांची मिळकत गरिबांसाठी असलेल्या योजनेत बसत नाही आणि बाजारभावाला पुरत नाही. जन्मभर भाडे भरलेला गृहस्थ निवृत्तीनंतर पुन्हा जागा शोधत हिंडतो.

अशा वेळी नजर शहराच्या मालकीच्या जमिनीकडे वळते. त्यात गैर काही नाही. पण ती जमीन सर्वांची आहे. ती आपल्याला स्वस्त मिळाली, तर कोणाच्या वाट्याची मिळाली, हेही विचारले पाहिजे.

आपल्या इंदूरला नगररचनेचा विचार नवा नाही. पॅट्रिक गेडिस यांनी १९१८ साली होळकर दरबाराला सविस्तर अहवाल दिला. जुनी वस्ती सरसकट पाडू नये, बिघडलेला भाग तेवढाच सुधारावा, असे त्यांचे म्हणणे होते. पुढे १९८० नंतरच्या दशकात इंदूर विकास प्राधिकरणाने ‘अरण्य’ वसाहत हाती घेतली. आराखडा बाळकृष्ण दोशी यांचा. त्यांचा जन्म पुण्याचा. सुमारे ८५ हेक्टर जमीन, साडेसहा हजारांच्या आसपास भूखंड आणि सहा विभाग, असा तिचा विस्तार.

तिची मांडणी ध्यानात घेण्यासारखी आहे. प्रत्येक विभागाच्या मध्यभागी गरिबांना जागा दिली, कडेने व मुख्य मार्गालगत बऱ्या स्थितीतल्यांना. गरिबाला जोते, नळ-संडासाची सोय आणि एक खोली मिळाली. बाकीचे घर त्याने ऐपतीप्रमाणे वाढवावयाचे. इतर बहुतेकांनी नुसता भूखंड घेतला. मोठ्या व व्यापारी भूखंडांच्या विक्रीतील नफा गरिबांच्या सोयींकडे वळविला. दहा-दहा घरांचे पुंजके रस्त्याकडे तोंड करून बसविले. १९९५ साली या वसाहतीला आगाखान पुरस्कार मिळाला.

काळाने फेरफार केलेच. काही मूळ धारकांनी जागा विकल्या, घरांवर मजले चढले. म्हणजे नकाशा उत्तम असला तरी पुरत नाही. नियम आणि शेजारधर्म दोन्ही लागतात.

म्हणून आमच्या तीन सूचना आहेत. पहिली : मध्यमवर्गीयाने जमिनीची रास्त किंमत द्यावी, सवलत मागावी ती हप्त्यांची, किमतीची नव्हे. दुसरी : एका कुटुंबाला एकच घर, आणि ठरावीक वर्षे ते विकण्यास मनाई. घर राहण्यासाठी घ्यावे, नफ्यासाठी नव्हे. तिसरी : आपली वेगळी, कुंपणाआडची वस्ती मागू नये. आपल्या घरी धुणीभांडी करणारी बाई आणि रिक्षावाला यांचीही घरे त्याच वसाहतीत असावीत.

न्यासाने यात काय करावे? कागदपत्रे तपासून द्यावीत, कर्जाचा हिशेब समजावून सांगावा, आणि पहिल्या हप्त्याला अडलेल्या कुटुंबाला बिनव्याजी हात द्यावा. अशा रीतीने दरवर्षी चार बिऱ्हाडे जरी स्वतःच्या घरात गेली, तरी हा महोत्सव सार्थकी लागला असे आम्ही समजू.