कोवळी फुप्फुसे आणि महाग वायू



दिवस भरण्याआधी जन्मलेल्या काही बाळांच्या फुप्फुसांतील रक्तवाहिन्या आखडलेल्या राहतात. दाब चढतो, रक्तास प्राणवायू पुरत नाही. नायट्रिक ऑक्साइड श्वासावाटे दिल्यास त्या सैलावतात. आम्हां कामगारांना हा कारखान्यातला विषारी वायू म्हणून ठाऊक. दहा लक्ष भागांत २० भाग एवढाच दिला की तो औषध ठरतो. अमेरिकेत १९९९ साली त्यास मान्यता मिळाली, ती ३४ आठवडे उलटून जन्मलेल्या बाळांसाठी. त्याहून कोवळ्या बाळांना तो सरसकट देण्यास आधार नाही, असे तेथील तज्ज्ञांनी २०१० साली सांगितले; दाब खरोखरच चढलेल्या मोजक्यांना मात्र उपयोग होऊ शकतो. ती मोजकी बाळे ओळखायची, तर हृदयाची सोनोग्राफी हवी. आमचे मागणे एवढेच : सरकारी इस्पितळांत ही तपासणी व्हावी आणि गरज ठरल्यास वायूही मिळावा, बापाची पगारचिठ्ठी न पाहता.