तेलाच्या डब्याचा पत्रा आणि खांबाचा गिलावा
(रौप्यमहोत्सवी स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



सेक्रेटरी म्हणाले, "काका, तुमच्या फियाटबद्दल बोला." म्हटलं, तिच्याबद्दल जनरल बॉडीत तुम्हीच पुष्कळ बोलला आहात. 'बी विंगखालील भंगार' अशी मिनिट्समध्ये नोंदच आहे. बँकेत आयुष्य गेलं, त्यामुळे मिनिट्स मी नीट वाचतो.

गाडी 1982 ची प्रीमियर पद्मिनी. रिटायर झाल्यावर ती स्वतः खोलून पुन्हा बांधायची ठरवलं. सुटे भाग रविवारी जुन्या बाजारात फिरलं की मिळायचे. अडायचं ते हत्यारांपाशी. पूर्वी वर्कशॉपमध्ये एकेका कामाचं वेगळं हत्यार असे. ती वर्कशॉपं गेली, हत्यारं वजनावर विकली गेली. मग मी घरातच शोधाशोध सुरू केली.

पिस्टनच्या रिंगा बाहेर फाकलेल्या असतात. त्या चहूबाजूंनी दाबून धरल्याशिवाय पिस्टन सिलिंडरात उतरत नाही, आणि जोर केला तर रिंग मोडते. या इंजिनाचं सिलिंडर 68 मिलिमीटर व्यासाचं, म्हणजे घेर साडेएकवीस सेंटिमीटरच्या आत-बाहेर. गोडेतेलाच्या डब्याचा पत्रा 25 सेंटिमीटर कापला, कडा घासल्या, तेल लावून पिस्टनभोवती गुंडाळला आणि वरून पाइपाची क्लिप आवळली. हातोडीच्या लाकडी दांड्यानं हलके ठोके दिले. एका दुपारीत चारही पिस्टन आत! डब्यात अजून तेल होतं, हे आमच्या घरात आजही ऐकवलं जातं.

दुसरी गंमत. क्रँकशाफ्टच्या टोकात एक छोटं बुश बसवलेलं असतं. मागून बंद, धरायला काही नाही. त्याच्या भोकात ग्रीस ठासायचं, बरोबर मापाची सळई घालायची आणि हातोडी मारायची. ग्रीसला पळायला जागा नसते, ते मागून बुशालाच बाहेर ढकलतं. पास्कलचा नियम शाळेत पाठ केला होता, उपयोग साठी उलटल्यावर झाला. पहिली सळई सैल होती, तेव्हा सगळं ग्रीस माझ्या चष्म्यावर आलं. मग लेथवाल्याकडून मापाची करून आणली.

या कामात सी विंगमधला अकरावीतला एक मुलगा टॉर्च धरायला असायचा. त्याच्यामुळेच पुढचं सांगतोय.

पुढच्या चाकांजवळच्या कॉइल स्प्रिंगा गाडीचं वजन पेलतात. काढायच्या तर आधी दाबून बांधाव्या लागतात. त्याचं तयार हत्यार बाजारात मिळत होतं. पण मला तोवर चटक लागली होती. पत्रा जमला, ग्रीस जमलं, हे का नाही जमणार? दोन आटेदार सळ्यांची टोकं वाकवून हूक केले आणि नट आवळत गेलो. एक हूक उघडला. स्प्रिंग सुटली ती सरळ समोरच्या खांबावर. पत्र्याचं हत्यार फसलं असतं तर एक रिंग गेली असती. इथे काय गेलं असतं, याचा हिशेब मी आधी केलाच नव्हता.

खांबाचा गिलावा पडला. तो त्या दिवशी आलेल्या टेम्पोनं पाडला असं कमिटीनं ठरवलं आणि टेम्पोवाल्याकडून 500 रुपये घेतले. मी मीटिंगला होतो. गप्प बसलो.

मुलाला मी दोनच मिनिटं आधी पाण्याची बाटली आणायला वर पाठवलं होतं. एरवी तो त्या खांबाला टेकूनच उभा असायचा. त्याच्या आईला हे आज पहिल्यांदा कळतंय. वहिनी, मला माफ करा.

दुसरी स्प्रिंग मी तयार हत्यार विकत आणून काढली. गाडी आता चालते, रविवारी सकाळी गेटपाशी उभी असेल, मुलांना चक्कर मारून आणीन. पत्रा, क्लिप, सळई ज्याला हवी त्यानं न्यावी. ते दोन हूक मात्र कुणाला देणार नाही.

आणि हे 500 रुपये. खजिनदारांनी त्या टेम्पोवाल्याला शोधून पोचते करावेत, आणि मिनिट्समधली ती नोंद दुरुस्त करावी.