पाठ होती, पण वाचली नव्हती



आज आपण एका प्रार्थनेविषयी बोलू. ख्रिस्ती लोक तिला 'प्रभूची प्रार्थना' म्हणतात. आपल्या वर्गात कोणी हरिपाठ म्हणणारे आहेत, कोणी नमाज पढणारे आहेत. त्यांनीही ऐकावे. कारण आम्ही सांगणार आहोत ती गोष्ट कोणालाही लागू पडेल.

ही प्रार्थना बायबलात दोन ठिकाणी आहे. मत्तयाच्या शुभवर्तमानात सहाव्या अध्यायात आहे, आणि लूकच्या शुभवर्तमानात अकराव्या अध्यायात आहे. लूक सांगतो की, एका शिष्याने येशूला विनंती केली, आम्हांला प्रार्थना करायला शिकवा. तेव्हा येशूने ही प्रार्थना शिकवली. ती अगदी लहान आहे. सावकाश म्हटली तरी एक मिनिट पुरते.

आमचे गाव नगर जिल्ह्यात आहे. जिल्ह्याचे नाव २०२४ साली अहिल्यानगर झाले. आमच्या घरी ही प्रार्थना रोज होई. आई चुलीपाशी म्हणायची, आम्ही तिच्या मागे म्हणायचो. पुढे आम्ही मास्तर झालो, हेडमास्तर झालो, सेवानिवृत्त झालो. प्रार्थना काही चुकली नाही. पण खरे सांगायचे तर तोंड प्रार्थना म्हणायचे, आणि मन बाजारात हिंडून यायचे.

निवृत्तीनंतर आम्ही रात्रीचा साक्षरता वर्ग घेऊ लागलो. वर्गात एक म्हातारी बाई येत. आम्ही सगळे त्यांना आत्याबाई म्हणायचो. त्यांना अक्षरे ओळखू येत, पण ओळ वाचता येत नसे. आम्ही विचार केला, जे तोंडपाठ आहे ते वाचायला सोपे जाईल. म्हणून एके रात्री आम्ही फळ्यावर मोठ्या अक्षरांत प्रभूची प्रार्थना लिहिली.

आत्याबाई उठल्या. फळ्याजवळ गेल्या. एकेका शब्दाखाली बोट ठेवून वाचू लागल्या. निम्म्या प्रार्थनेपर्यंत ठीक चालले. मग बोट थांबले.

"गुरुजी, हे अक्षर कंचं?"

"ऋ. ऋषीचा ऋ. शब्द आहे ऋण."

"आन् ऋण म्हंजी?"

"ऋण म्हणजे कर्ज."

आत्याबाई गप्प झाल्या. त्यांनी ती ओळ पुन्हा वाचली. मग आमच्याकडे वळून म्हणाल्या, "म्हंजी आपण दुसऱ्याचं सोडायचं, आन् देवाला म्हणायचं आमचंबी सोड? साठ वर्सं मी हेच म्हणत व्हते व्हय? मला वाटलं, नुसतं देवाकडं मागायचंच हाय."

वर्गात कोणी बोलेना. आम्हीही बोललो नाही. कारण ती ओळ आम्हांलाच लागली होती.

मंडळी, त्याचे कारण सांगतो. आमच्या भावकीतल्या एका शेतकऱ्याला आम्ही विहीर खोल करण्यासाठी वीस हजार रुपये दिले होते. चिठ्ठी लिहून घेतली होती. विहिरीला पाणी लागले नाही. पैसे परत आले नाहीत. आम्ही एकदा चारचौघांत त्याला बोललो. त्या दिवसापासून त्याचे आमच्याकडे येणे बंद झाले. रविवारी उपासनेला आम्ही एका बाजूला बसायचो, तो दुसऱ्या बाजूला बसायचा. आणि दोघेही मोठ्याने हीच प्रार्थना म्हणायचो!

त्या रात्री आम्ही घरी आलो आणि पेटी उघडून चिठ्ठी काढली. फाडली का? नाही. हात धजला नाही. वीस हजार म्हणजे काही थोडे नव्हेत. दुसऱ्या दिवशी सकाळी प्रार्थनेला बसलो, तर त्या ओळीवर जीभ अडली. पुढे जाता येईना.

मग आम्ही पुस्तक काढून नीट वाचले. मत्तय 'ऋण' म्हणतो. लूक त्याच जागी देवाकडे पापांची क्षमा मागतो. असे का? जाणकार सांगतात की, येशूची बोली अरामी होती. त्या भाषेत कर्ज आणि पाप या दोहोंना एकच शब्द होता. आपली मराठीही काही वेगळी नाही. आपण कर्ज माफ म्हणतो, आणि गुन्हाही माफ म्हणतो. शब्द एकच, 'माफ'.

मत्तयाच्या अठराव्या अध्यायात येशूची एक गोष्ट आहे. एका चाकरावर राजाचे कर्ज होते. हजार जन्म राबला असता तरी फिटले नसते, एवढे मोठे. राजाने ते सोडून दिले. तोच चाकर बाहेर आला, आणि शंभर नाण्यांसाठी त्याने आपल्या सोबत्याचा गळा धरला. त्या काळी तसले एक नाणे म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी. म्हणजे शंभर दिवसांची मजुरी झाली. ती रक्कमही लहान नव्हे. येशू कुणाचे नुकसान लहान करून सांगत नाही. तो एवढेच सांगतो की, तुला किती सुटले तेही आठव.

चौथ्या दिवशी आम्ही चिठ्ठी खिशात घालून त्याच्या दारी गेलो. तो गोठ्यात होता. आम्हांला पाहून त्याची मान खाली गेली. "सलाम, गुरुजी. पैशाचं बघतो मी," तो म्हणाला. आम्ही म्हणालो, "पैशासाठी आलो नाही. चारचौघांत तुला बोललो, ते चुकले आमचे. ते आधी सोड." आणि चिठ्ठी त्याच्या हातात दिली. तो बराच वेळ चिठ्ठीकडे पाहत राहिला. मग आत हाक मारून म्हणाला, "चहा टाक गं."

तो अजूनही सुगीला थोडे थोडे पैसे आणून देतो. आम्ही नको म्हटले तरी ऐकत नाही. घेतलेले फेडावे, हे त्याला कळते. फेडता येत नाही त्याला तुडवू नये, हे आम्हांला उशिरा कळले. पण एक ध्यानात ठेवा. माफी म्हणजे अन्याय मुकाट्याने सोसणे नव्हे. कोणी लबाडीने जमीन लिहून घेत असेल, तर कागद वाचा, दाद मागा. त्यासाठीच तर आपण वाचायला शिकतो.

त्यानंतर आम्ही सबंध प्रार्थना बोट ठेवून वाचली. तेव्हा आणखी एक शब्द दिसला, 'भाकर'. १९७२ च्या दुष्काळात आम्ही लहान होतो. आई खडी फोडायला जायची. संध्याकाळी ती काय आणते, याची आम्ही वाट पाहायचो. उद्याचे कोणी बोलत नसे. ती प्रार्थनेत रोजची भाकर मागायची, ती आजच्याच दिवसाची. पुढे आम्हांला पगार मिळू लागला, कणग्या भरल्या, आणि तो शब्द नुसता जिभेवर उरला.

आणि पाहा, या प्रार्थनेत 'मी' हा शब्द कोठेच नाही. 'माझी भाकर' असे नाही, 'आमची भाकर' असे आहे. आम्ही स्वतःला 'आम्ही' म्हणतो, ती हेडमास्तरकीची सवय. आमच्या त्या 'आम्ही'त एकटे आम्हीच असतो. प्रार्थनेतल्या 'आम्ही'त शेजारी आहे, भावकी आहे, आणि ज्याच्याशी बोलणे बंद आहे तोही आहे. त्याच्या घरी भाकर नसेल, तर आपली प्रार्थना पुरी झाली नाही.

पंडिता रमाबाईंनी केडगावी बसून सगळे बायबल सोप्या मराठीत आणले. साध्यासुध्या बायांनाही ते समजावे, ही त्यांची तळमळ होती. १९२२ साली त्या वारल्या, आणि १९२४ साली ते प्रसिद्ध झाले. समजावे म्हणून एका बाईने एवढे कष्ट घेतले. मग आपण न समजता कसे म्हणावे?

तेव्हा मंडळी, आज घरी जा. जे तुम्हांला लहानपणापासून पाठ आहे, ते कागदावर घ्या. अभंग असो, आयत असो, प्रार्थना असो. बोट ठेवून एकेक शब्द वाचा. घाई करू नका. जेथे बोट अडेल, तेथे थांबा. आत्याबाईंचे बोट 'ऋ'वर अडले, म्हणून आमचे डोळे उघडले.