कणकवली ते मुंबई नऊ तास, मुंबई ते लंडनही जवळपास तेवढेच!

आजचा विषय छोटा, पण कामाचा. गुगलवर ‘मुंबई ते लंडन’ टाकलंत की लगेच उत्तर येतं: अंतर साधारण 7,200 किलोमीटर. पण त्यावरून आपल्या फोंडाघाटचा माणूस किती तासांत पोचणार, ते कळतं का? नाही.

आधी वारा बघा. विमान उडतं दहा-बारा किलोमीटर उंचीवर. तिथे पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचा वारा वाहतो, त्याला जेट स्ट्रीम म्हणतात. जाताना तो समोरून येतो, म्हणून साडेनऊ-दहा तास लागतात. येताना पाठीमागून ढकलतो, तेव्हा नऊच्या आसपास.

मग रस्ता. नकाशावरची सर्वांत जवळची वाट विमानाला मिळेलच असं नाही. एप्रिल 2025 मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना आपली हवाई हद्द बंद केली. शहरं होती तिथेच राहिली, पण उत्तर भारतातून पश्चिमेला जाणाऱ्या विमानांना वळसा पडला आणि तास वाढले.

तिसरं घड्याळ. तिकिटावर असते तिथली स्थानिक वेळ. हिवाळ्यात लंडन आपल्या साडेपाच तास मागे असतं. दुपारी 2 ला निघून संध्याकाळी साडेसहाला उतरलात, तर साडेचार तास झाले असं वाटेल. खरे झाले दहा!

आता खरा मुद्दा. गावात कुणाचं काही बरंवाईट झालं, की पहिला प्रश्न असतो: “झील कधी पोचता?” ‘नऊ तासांची फ्लाईट आहे’ हे त्याचं उत्तर नव्हे. तीन तास आधी लंडनच्या विमानतळावर, नऊ तास हवेत, मग इमिग्रेशन, सामान. त्यानंतर कोकणकन्येने कणकवलीपर्यंत आठ-नऊ तास, आणि पुढे फोंडा. गाडीची वाट बघण्यात गेलेला वेळ वेगळाच. म्हणजे दारापासून दारापर्यंत चोवीस तास धराच. थांबायचं की नाही, हे घरच्यांना याच आकड्यावरून ठरवावं लागतं.

वेळ वाचवायचा तर चिपी आहे, 9 ऑक्टोबर 2021 पासून सुरू. मोपाही आहे, जानेवारी 2023 पासून. पण त्या दिवशी तिथे विमान आहे का, ते आधी बघा. शक्य असेल तर सगळा प्रवास एकाच तिकिटावर काढा. मग पहिलं विमान लेट होऊन पुढचं चुकलं, तर पुढची सोय एअरलाईन बघते. वेगवेगळी तिकिटं असतील तर ते नुकसान आपलं. मुंबईत टर्मिनल 1 आणि 2 वेगळ्या ठिकाणी आहेत, तेही लक्षात असू दे. आणि पावसाळ्यात कोकण रेल्वेचं वेळापत्रक बदलतं, गाड्या सावकाश धावतात. तेव्हा हाताशी जास्त वेळ ठेवा.

तुमच्या घरातलं कोण परदेशात असेल, तर आजच दोघांनी बसून हा हिशोब मांडा. गरज पडेल तेव्हा गुगल करायला डोकं ठिकाणावर नसतं. चला, भेटू पुढच्या भागात!